पुडीबाहेरचा खर्च

मेथॅम्फेटामाईन, म्हणजे बोलण्यातले ‘आईस’ किंवा ‘क्रिस्टल’, आणि त्याच्याच जातकुळीतले मेफेड्रोन, म्हणजे ‘एमडी’, यांविषयी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतून आलेली काही पत्रे या वेळी उत्तरांसाठी घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. बहुतेकांचा प्रश्न, वेगवेगळ्या शब्दांत का होईना, एकच आहे: यातून नुकसान नेमके किती होते आणि ते भरतो कोण?

प्रश्न : माझा पुतण्या केळीच्या गाडीवर चालक होता. दोन वर्षांपूर्वी तो दिल्लीच्या फेऱ्या इतक्या झपाट्याने करू लागला की आम्ही घरातले सगळे त्याचे कौतुक करत होतो. पुढे ‘आईस’चे कळले. आज गाडी फायनान्सवाल्यांनी ओढून नेली आहे, पतसंस्थेचे कर्ज थकले आहे, वहिनीचे दागिने गहाण पडले आहेत आणि तो दोन-दोन दिवस अंथरुणातून उठत नाही. तो सांगतो तेवढाच पुडीचा खर्च धरला तर हिशेब जुळत नाही. मग एवढा पैसा गेला कुठे? (रावेर तालुका)

आपल्या पत्रातील कौतुकाचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, कारण या पदार्थाचा आर्थिक घात तेथूनच सुरू होतो. दारूचे व्यसन घराला लवकर कळते. वास येतो, तोल जातो, दुसऱ्या दिवशीचा रोज बुडतो. मेथॅम्फेटामाईन मेंदूतील डोपामीन हे रसायन एकदम आणि मोठ्या प्रमाणात मोकळे करते, भूक मारते, झोप उडवते, आणि त्याचा अंमल कोकेनसारखा थोड्या वेळात ओसरत नाही. रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण दहा ते बारा तास लागतात. त्यामुळे सावद्याहून माल भरून निघालेला चालक रात्रभर गाडी हाकतो, ढाब्यावर पाठ टेकत नाही, माल पिकायच्या आत मंडीत उतरवतो, आणि व्यापारीही मग पुढची फेरी त्यालाच देतो. पहिले काही महिने घरात पैसा नेहमीपेक्षा जास्त येतो. नुकसानीची सुरुवात कमाईसारखी दिसत असल्यामुळे त्या काळात त्याला हटकणारा कोणीच नसतो.

पुढे न झोपलेल्या रात्रींची थकबाकी एकदम वसूल होते. दोन-तीन दिवस जागून काढल्यावर माणूस दिवसचे दिवस झोपतो, उठला की खा-खा करतो, मन पार खचलेले असते, आणि ते खचणे टाळण्यासाठी पुन्हा पुडी लागते. या टप्प्यावर कमाई थांबते, पण देणी थांबत नाहीत. गाडीचा हप्ता चुकतो, त्यावर दंडव्याज चढते, ते भरण्यासाठी सोने गहाण पडते, आणि सोन्यावरचे व्याज भरण्यासाठी हातउसने घेतले जाते. नशेत गाडी चालवणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली गुन्हा आहे. अपघात झालाच तर विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा बहुधा नाकारते, आणि समोरच्याला द्यावी लागलेली भरपाईदेखील मालकाकडून वसूल करायला मागे येऊ शकते.

आपल्या भागात यात आणखी एक गोष्ट मिसळते. शेतकरी घरात पैसा वर्षातून ठरावीक वेळीच येतो, कापूस विकल्यावर किंवा केळीचा बाग कापल्यावर. पुडीला मात्र रोख लागते, आणि तीही रोजच्या रोज. या दोहोंतली फट भरून काढायला मग उभ्या बागेवर व्यापाऱ्याकडून उचल घेतली जाते आणि तोच बाग पुढे तो म्हणेल त्या भावाने द्यावा लागतो. बियाण्याचे पैसे खताला आणि खताचे व्याजाला जातात. बैलजोडी किंवा दुभती म्हैस बाजाराची वाट न पाहता मिळेल त्या किमतीला विकली जाते. पुडीवर गेलेला रुपया आणि घराचा गेलेला रुपया यांतील जो फरक आपल्याला जुळत नाही, तो बहुतांशी याच व्यवहारांमध्ये मुरलेला असतो.

असा हिशेब देशाच्या पातळीवर मांडण्याचा एक गंभीर प्रयत्न अमेरिकेत झाला. रँड या संशोधन संस्थेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००५ या एका वर्षासाठी मेथॅम्फेटामाईनचा त्या देशावरील भार सुमारे २,३४० कोटी डॉलर धरला होता. कमीत कमी १,६२० कोटी आणि जास्तीत जास्त ४,८३० कोटी. अंदाजाचा पल्ला एवढा रुंद ठेवावा लागतो, यावरूनच असे आकडे किती जपून वापरायचे ते कळावे. त्यातला जवळजवळ दोन तृतीयांश भाग अकाली मृत्यू आणि व्यसनात अडकलेल्याच्या ढासळलेल्या जगण्याचा होता, म्हणजे ज्याची पावती कोणीच फाडत नाही असा. गुन्हे, पोलीस, न्यायालये आणि तुरुंग यांवर सुमारे ४२० कोटी डॉलर गेले. आईवडिलांपासून दूर काढून पालक कुटुंबांकडे ठेवाव्या लागलेल्या मुलांवर ९० कोटींच्या आसपास, आणि बुडालेल्या कामापोटी ६९ कोटींच्या आसपास. व्यसनावरच्या उपचारांचा खर्च साधारण ५५ कोटी होता, म्हणजे एकूण भाराच्या शंभरात अडीचसुद्धा नाही.

तिकडचे डॉलर इकडे रुपयांत बदलून काही हाती लागणार नाही, पण खर्चाची रचना ओळखीची आहे. फरक इतकाच की तेथे जो भाग सरकारच्या खात्यावर पडतो, तो येथे नातेवाइकांवर पडतो. मुलांना सांभाळणारे सरकारी खाते आपल्याकडे मामाचे घर असते. भाची शाळेला मामाकडे ‘शिकायला’ राहिली असे गावात सांगितले जाते, तिची फी, कपडे, दप्तर मामा भरतो, मामीची कुरकुर तिला ऐकावी लागते, आणि यातले काहीही कोणत्याही सर्वेक्षणात येत नाही. आजीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढे ढकलले जाते, तेही येत नाही.

आता करायचे काय? एक वही करावी आणि त्यात गेल्या दोन वर्षांतली देणी, गहाण वस्तू, विकलेल्या वस्तू आणि बुडालेल्या फेऱ्या घरातील सर्वांनी बसून उतरवाव्यात. पुतण्यालाही बसवावे, पण तो भानावर असेल आणि त्याची झोप पुरी झालेली असेल त्या दिवशी. यापुढे त्याच्या हाती रोख देऊ नये. पतसंस्थेचे देणे असेल तर कुटुंबाने थेट पतसंस्थेत भरावे आणि हप्ते बांधून मागावेत. त्याने बाहेर केलेली उधारी ‘घराण्याच्या नावासाठी’ गुपचूप फेडत राहणे हा आपल्याकडचा मोठा दोष आहे, कारण अशा प्रत्येक फेडीतून त्याची उधारीची पत पुन्हा उभी राहते.

प्रश्न : हे सगळे मुंबई-पुण्याचे प्रकार आहेत असे आमच्या शाळेतील सहकारी म्हणतात. खान्देशात खरोखरच हे आहे का, की वर्तमानपत्रे घबराट पसरवत आहेत? (शिक्षक, शहादा)

दोन्ही बाजूंनी थोडे सावध राहावे लागेल. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेले आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेले राष्ट्रीय सर्वेक्षण पाहिले तर १० ते ७५ या वयोगटात दारू पिणाऱ्यांचे प्रमाण १४.६ टक्के होते आणि ॲम्फेटामाईन वर्गातील उत्तेजके घेणाऱ्यांचे ०.१८ टक्के, म्हणजे हजारात दोनही नाहीत. खान्देशात आजही सर्वांत जास्त संसार दारू मोडते, आणि शाळेत व्यसनांवर बोलायचे तर पहिला तास दारू, तंबाखू आणि गुटखा यांनाच द्यावा लागेल.

मात्र हा भाग वाटेवर आहे, हे विसरून चालणार नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, आणि भुसावळहून देशाच्या चारही दिशांना रेल्वे जाते. डिसेंबर २०१३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यातून हजार किलोहून अधिक केटामाईन, म्हणजे नशेसाठीही वापरले जाणारे भुलीचे औषध, पकडले होते. जुलै २०२५ मध्ये चाळीसगाव-कन्नड घाटात महामार्ग पोलिसांनी अडवलेल्या मोटारीत कोट्यवधी रुपयांचे ॲम्फेटामाईन निघाले. शेजारच्या नाशिकजवळ शिंदे गावात २०२३ साली मेफेड्रोनचा कारखाना सापडला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांच्या कारवाईत कुरकुंभसह अनेक ठिकाणांहून सतराशे किलोच्या वर मेफेड्रोन जप्त झाले. ज्या रस्त्याने माल जातो त्या रस्त्यावर तो थोडाथोडा सांडतोच. हमाल, क्लीनर, ढाब्यावरची पोरे यांना मोबदल्यात पैशाऐवजी मालच मिळू लागतो.

महाराष्ट्रात ‘आईस’पेक्षा एमडीच अधिक आढळते. ते २०१५ पर्यंत अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत नव्हते, आणि त्या मोकळ्या काळात त्याचा बाजार बसला. आज दोन्ही पदार्थ त्या कायद्यात आहेत; ५० ग्रॅमच्या वर साठा सापडला तर तो व्यापारी प्रमाणात मोजला जातो आणि शिक्षा दहा ते वीस वर्षे सक्तमजुरीची आहे. राहिला बातम्यांचा प्रश्न. जप्त मालाची जी कोटींची किंमत छापून येते ती बाजारातील अंदाजी किंमत असते. समाजाचे किती नुकसान झाले किंवा टळले, याचा त्या आकड्याशी फारसा संबंध नसतो, आणि तोच आकडा वाचून एखाद्या बेकार पोराला धंद्याचे गणित सुचते, हे बातमी देणाऱ्यांनी कधीतरी लक्षात घ्यावे.

प्रश्न : आमच्या गावात महिलांनी ‘आडवी बाटली’चे मतदान करून देशी दारूचे दुकान बंद पाडले. आता तरुण मुले पांढरी पावडर ओढतात असे कानावर येते. ग्रामसभेत ठराव करून हेही बंद करता येईल का? पावडर घेणाऱ्यांची नावे फलकावर लावावीत आणि दंड करावा, असे काही पुरुष मंडळींचे म्हणणे आहे. (ग्रामपंचायत सदस्या, शिरपूर तालुका)

ताई, आडवी बाटली यशस्वी झाली कारण दुकानाला परवाना होता, पाटी होती, उघडण्याची वेळ होती. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी नको म्हटल्यावर शासनाला तो परवाना रद्द करावा लागला. पुडीला दुकान नाही. ती मोबाइलवरच्या निरोपावर येते आणि मोटारसायकलच्या सीटखालून हातात पडते, त्यामुळे मतदानाने बंद करावे असे काही समोर उभेच राहत नाही.

फलकाच्या सूचनेला मात्र ठाम विरोध करावा, अशी माझी विनंती आहे. नाव लागले की पोरगा गाव सोडतो, सुरतेला किंवा पिथमपूरला जातो आणि तेथे त्याला ओळखणारे, अडवणारे कोणी नसते. जे गावात राहतात ते अधिक चोरून घेतात. बहिणींची लग्ने अडतात, आणि ज्या आईने उद्या मदत मागितली असती ती दार लावून घेते. शिवाय दंड आणि बहिष्कार यांपैकी काहीही करण्याचा अधिकार गावाला नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि तो अशा मंडळींनाच लागू होईल.

ग्रामपंचायतीने लक्ष घालावे अशी जागा वेगळी आहे, ती म्हणजे भाड्याने दिलेली शेड. एमडी तयार करणारे लोक शहरापासून दूर पडीक पोल्ट्री, बंद पडलेला कारखाना किंवा शेतातले गोदाम शोधतात आणि बाजारभावाच्या कितीतरी वर भाडे आगाऊ देतात. खिडक्या आतून बंद केलेल्या, पंखे रात्रभर चालू, नावाची चिठ्ठी खरवडलेले निळे ड्रम, डोळ्यांना झोंबणारा वास, आणि शेडमागच्या नालीच्या कडेचे गवत जळाल्यासारखे पिवळे: एवढ्या खुणा एकत्र दिसल्या तर कोणीही आत डोकावू नये, ठिणगी पडेल असे काही करू नये आणि सरळ पोलिसांना किंवा अमली पदार्थविरोधी १९३३ या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. मेथॅम्फेटामाईन बनवताना मालाच्या पाच-सहा पट विषारी टाकाऊ द्रव्य उरते असे सांगितले जाते. ते विहिरीत मुरले तर त्याची किंमत पुढची अनेक वर्षे त्या शिवारातील शेतकरी भरतील. जाणूनबुजून जागा वापरू देणाऱ्या मालकाला अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हेगाराइतकीच शिक्षा आहे, हे ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावे.

आपला तालुका सातपुड्याच्या पायथ्याचा आहे आणि तेथील गांजाच्या शेतीवर पोलिसांचे छापे नेहमी पडतात, म्हणून एवढे जोडतो की, बेकायदा गांजा किंवा अफूची लागवड कळताच ती पोलिसांना कळवणे सरपंच आणि पंच यांच्यावर त्याच कायद्याच्या कलम ४७ नुसार बंधनकारक आहे. ‘आम्हाला माहीत नव्हते’ हे उत्तर ग्रामपंचायतीच्या तोंडी शोभत नाही.

ठरावच करायचा तर असा करावा: उपचाराला जाणाऱ्या मुलाचे आणि सोबतच्या माणसाचे जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यायेण्याचे भाडे गावाने द्यावे, आणि त्याची चर्चा सभेत होऊ नये.

प्रश्न : भाचा एमडी घेतो. ‘लगीन करी द्या, सुधरी जाई’ असे सगळे नातेवाईक म्हणतात. मुलगी पाहिली आहे. (धुळे)

लग्न थांबवावे. हा सल्ला मी सहसा इतक्या थोडक्यात देत नाही, पण येथे दुसरा विचार संभवत नाही. लग्नाने मेंदूतील बिघाड दुरुस्त होत नाही. होते ते इतकेच की आतापर्यंत आई-बाप जो भार उचलत होते तो एका परक्या घरातून आलेल्या, काहीही माहीत नसलेल्या मुलीच्या अंगावर ढकलला जातो, तिचे दागिने पहिल्या वर्षीच सराफाकडे जातात आणि नंतर मूल होते. मुलीकडच्यांपासून हे लपवणे ही फसवणूक आहे, आणि ती उघडी पडल्यावर होणाऱ्या कज्जे-खटल्यांचा खर्चही आपल्याच घरावर येईल. उपचार घेऊन किमान वर्षभर नशेपासून दूर राहिल्यावर, मुलीला सर्व सांगून, पुढे पाहता येईल.

प्रश्न : माझे पती रात्री झोपत नाहीत. परवा त्यांनी मिक्सर पूर्ण उघडला, सगळे स्क्रू एका वाटीत मोठ्यापासून लहान असे मांडत पहाटेपर्यंत बसले, आणि मी विचारल्यावर ‘यात माईक बसवला आहे, तुझ्या भावानेच बसवला’ असे म्हणाले. माझ्यावर संशय घेतात, माझा फोन तपासतात. दात पडू लागले आहेत, वजन निम्म्यावर आले आहे. विळा आणि सुरी मी धान्याच्या कोठीत लपवते. सासूबाई ‘बाहेरचे काही लागले’ म्हणून एका बाबांकडे नेत आहेत. (अमळनेर तालुका)

ताई, आपण लिहिलेली प्रत्येक गोष्ट या पदार्थाशी जुळणारी आहे. तासन्‌तास वस्तू उघडून मांडत बसणे, कोणीतरी पाळत ठेवते आहे असे ठामपणे वाटणे, नसलेले आवाज ऐकू येणे, हे उत्तेजकांच्या दीर्घ वापरातून आणि सलग जागरणातून येणाऱ्या मनोविकृतीचे लक्षण आहे. तोंड सतत कोरडे पडणे, दात आवळणे, गोड पाणी पिणे आणि दात न घासणे यांमुळे दात किडून कडेने तुटतात. बाहेरचे काही लागलेले नाही. बाबांच्या दक्षिणेत आणि फेऱ्यांत जाणारे पैसे व दिवस हाही या व्यसनाचा एक खर्च आहे, आणि त्यात सर्वांत महाग पडतो तो वाया गेलेला वेळ.

पहिली काळजी आपल्या आणि मुलांच्या जिवाची घ्यावी. पती संशयाच्या भरात असताना वाद घालू नये, ‘तसे काही नाही’ हे पटवून देण्याचा प्रयत्न करू नये, दाराच्या बाजूला राहावे आणि ते अंगावर आले तर बाहेर पडून ११२ ला फोन करावा. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानुसार आपल्याला राहत्या घरातून कोणी काढू शकत नाही. संरक्षण मागितले म्हणजे नवऱ्याला तुरुंगात पाठवले, असे होत नाही.

दुसरी गोष्ट, त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. भास आणि संशय यांवर औषधे आहेत आणि नशा थांबल्यावर बहुतेकांत ही लक्षणे काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतात. काहींत ती रेंगाळतात, म्हणून तपासणी टाळू नये. नशा थांबल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत माणूस अतिशय उदास होतो आणि जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येऊ शकतो, तेव्हा त्या काळात त्यांना एकटे सोडू नये. शेतावरची फवारणीची औषधे तेवढ्यापुरती भावाच्या घरी ठेवावीत.

एवढे सारे पाहूनही आशा ठेवायला जागा आहे. वर्ष-सव्वा वर्ष दूर राहिलेल्या माणसांच्या मेंदूच्या चित्रणात डोपामीनची व्यवस्था बऱ्याच अंशी सावरलेली आढळली आहे. त्या वर्षात एक-दोनदा पाय घसरणे हे नेहमीचे आहे.

प्रश्न : माझी डाळ मिल आहे. एक कामगार सलग दोन पाळ्या करायचा. आता कळले की तो काही घेतो. कामावरून काढले तर सुटलो, असे मुनीम म्हणतो. (जळगाव)

काढल्याने आपण सुटाल, गाव सुटणार नाही. पण तेवढ्यावर मी आपल्याला उपदेश करणार नाही, धंद्याच्याच बाजूने पाहू. रोलर आणि पट्ट्यांजवळ नशेत काम करणारा माणूस स्वतःचा आणि शेजारच्याचा हात घालवू शकतो. कामगार भरपाईच्या कायद्यात, नशेमुळे झालेल्या साध्या इजेची जबाबदारी मालकावर येत नाही अशी सूट आहे; मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले तर ती सूट उरत नाही. म्हणून आजच त्याला यंत्रापासून हलवून पोती शिवणे, झाडलोट, गेट अशा कामावर द्यावे.

नंतर त्याच्याशी एकट्याने बोलावे आणि उपचाराला जाण्याच्या अटीवर नोकरी राखून ठेवावी. या व्यसनावर, दारू किंवा हेरॉइनच्या व्यसनासाठी आहे तसे, मान्यता मिळालेले खास औषध नाही. आजवर सर्वांत चांगला परिणाम दिसला तो समुपदेशन आणि बक्षीस या जोडीचा, म्हणजे लघवीची तपासणी स्वच्छ आली की लहानसे बक्षीस, पुढची स्वच्छ आली की थोडे मोठे. ‘नशा केली नाही म्हणून बक्षीस?’ असे पुष्कळांना खटकते. मालकाच्या हाती मात्र हे बक्षीस आयतेच असते: ठरलेल्या दिवशी मिळणारा पगार, टिकून असलेली नोकरी. पगार त्याच्या संमतीने पत्नीच्या खात्यात द्यावा, उचल बंद करावी.

एक प्रश्न आपल्यालाही विचारतो. सलग दोन पाळ्या करणारा माणूस न झोपता हे कसे निभावतो, हे हंगामात कोणी विचारले होते का? हंगाम, उचल आणि दुहेरी पाळी यांची सांगड जेथे पडते तेथे या मालाला गिऱ्हाईक मिळते. पाळ्यांमध्ये झोपेपुरते अंतर सक्तीने ठेवले तर पुढचा कामगार या वाटेला लागण्याची शक्यता कमी होईल.

प्रश्न : भावाला दवाखान्यात नेले तर डॉक्टर पोलिसांना कळवतील आणि त्याला अटक होईल, अशी भीती आईला वाटते. खर्च किती येईल? त्याला साखळीने बांधून सरळ करणारे एक केंद्र आहे असेही कोणी सांगितले. (चाळीसगाव)

उपचारासाठी आलेल्या रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंधनकारक आहे, आणि नशेशी निगडित मानसिक आजार या कायद्यात येतात. अमली पदार्थांच्या कायद्यातील कलम ६४-अ नुसार, केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. विक्रीत अडकलेल्यांना ती नाही. भाऊ स्वतःचा खर्च भागवण्यासाठी दोन-चार मित्रांना माल आणून देत असेल तर कायद्याच्या नजरेत तो विक्रेता ठरू शकतो, आणि अनेक पोरे नेमकी याच पायरीवर उभी असतात, म्हणून उशीर करू नये.

साखळीच्या केंद्रात मुळीच पाठवू नये. रुग्णाला साखळीने बांधणे मानसिक आरोग्य कायद्याने निषिद्ध आहे. केंद्राची नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात आणि घरच्यांना भेटू देतात का, हे तीन प्रश्न विचारल्यावर बहुतेक उलगडा होतो.

खर्चाविषयी: शासकीय रुग्णालयात तो नाममात्र असतो. १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतक्रमांकावर आणि १४४१६ या मानसिक आरोग्याच्या ‘टेलिमानस’ मदतक्रमांकावर फोन करण्यास पैसे लागत नाहीत. सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात लवकर पोचावे, आधार कार्ड, रेशन कार्ड आणि चालू असलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या सोबत ठेवाव्यात, शेवटची नशा कधी केली ते डॉक्टरांना खरे सांगावे. आरोग्य विमा असेल तर पॉलिसीची प्रतही न्यावी. मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विमा देण्याची तरतूद कायद्यात असली, तरी नशेच्या उपचारांबाबत पॉलिसीतील अटी वेगवेगळ्या असतात आणि दाखल होण्यापूर्वीच त्या विचारून घेतलेल्या बऱ्या.